टेकू

त्या दिवशी चंद्रपुरात पारा सत्तेचाळीसवर गेला होता आणि माशीघरातलं थंड कपाट सकाळी अकराच्या सुमाराला बंद पडलं.

मूल रोडवरच्या उष्णता संशोधन केंद्रात यशोधरा रामटेके सोळा वर्षं माशीघर सांभाळत होती. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून खीर करायची, ती काचेच्या नळ्यांत ओतायची, वर कापसाचा बोळा लावायचा, आणि फळमाश्यांच्या दीडशे वाणांना दर पंधरा दिवसांनी नव्या घरी हलवायचं, हे तिचं काम. शिवाय मोजणी. सूक्ष्मदर्शकाखाली पिसाच्या टोकानं माश्या बाजूला सारत मोजण्यात तिचा हात धरणारं केंद्रात कुणी नव्हतं.

तिनं कपाट उघडलं तर आठच दिवसांपूर्वी बंगळूरहून आलेला नवा वाण सगळाच्या सगळा नळ्यांच्या तळाशी पडला होता, पाय वर करून. चाळीस नळ्या. आता संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर देशकर मॅडमना काय सांगायचं? फेकण्याआधी निदान नोंद तरी करावी, म्हणून तिनं ट्रे उचलून बाहेर वातानुकूलित बोळात आणून ठेवला आणि चिठ्ठ्यांवरचे आकडे वहीत उतरवू लागली. सातव्या नळीशी आली तेव्हा पहिल्या नळीतल्या माशीनं पाय हलवला. मग दुसरीनं. दोन मिनिटांत सगळ्या माश्या काहीच झालं नसल्यासारख्या काचेवर चढत होत्या.

यशोधरा स्टुलावर बसली. हे तिनं आधी पाहिलं होतं. माशीत नव्हे, माणसात.

तिचे वडील शालिक रामटेके तरुणपणी रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या टोळीत होते. एप्रिल उजाडला की ते दुपारी पडत. पाय गळून जात, हात गळून जात आणि माणूस गोणीसारखा जमिनीवर. सावलीत ओढून आणलं, अंगावर पाणी ओतलं की पाच-दहा मिनिटांत उठून बसत. डॉक्टरांना कधी काही सापडलं नाही. मुकादम म्हणे, दारू प्यायलाय. दारूचा वास नाही हे कळल्यावर म्हणे, सोंग करतो. तीन मुकादमांनी त्यांना तीन उन्हाळ्यांत हाकलून दिलं. शेवटी ते बर्फाच्या कारखान्यात लागले आणि तिथं सव्वीस वर्षांत एकदाही पडले नाहीत. त्याचाही लोकांनी भलताच अर्थ लावला. बसायचं काम मिळालं की बरा पडत नाही, असं नातेवाईक तोंडावर म्हणत. सगळ्यांत वाईट गोष्ट घरात फक्त यशोधराला माहीत होती. पडलेल्या अवस्थेत शालिक पूर्ण शुद्धीवर असत. लोक वरून काय बोलतात, ते शब्दन् शब्द त्यांना ऐकू येई.

दुपारी देशकर मॅडम नागपूरहून परतल्या. यशोधरानं सगळं सांगितलं. मॅडम हसल्या.

"घाबरलीस ना? अगं, हा वाण मुळात तसाच आहे. एकोणतीस अंशांच्या वर गेला की पडतो, थंड केला की उठतो. शास्त्रज्ञांना पन्नासहून जास्त वर्षांपासून माहीत आहे हे."

"मॅडम, माझे बाबा उन्हात असेच पडायचे."

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "पहिल्यापासून सांग."

त्या वाणात बिघाड कुठं असतो, हे यशोधराला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट समजलं. मज्जातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत स्नायूला द्यायचा निरोप रसायनाच्या रूपात भरलेला असतो. हुकूम आला की पिशवी पेशीच्या पटलाला जाऊन चिकटते, त्यात मिसळते आणि आतलं रसायन बाहेर सांडतं. स्नायू आखडतो. पण ती पिशवी आता पटलाचाच भाग झालेली असते. तेवढं पटल पुन्हा आत ओढून घ्यावं लागतं, त्याची नवी पिशवी करून ती पुन्हा भरावी लागते. हे सेकंदागणिक अखंड चालतं. त्यासाठी प्रथिनांची एक टोळीच राबत असते. कुणी पटलाला खळगा पाडतं, कुणी त्या खळग्याला आकार देतं, आणि शेवटी एक प्रथिन त्याच्या मानेभोवती दोरीसारखे वेढे घालून ती आवळतं. मान तुटते आणि पिशवी सुटी होऊन आत जाते. त्या माश्यांत हे शेवटचं प्रथिन उष्णतेनं सैल पडतं. पिशव्यांच्या माना तुटत नाहीत, त्या पटलाला लोंबकळत राहतात. थोड्याच वेळात भरलेल्या पिशव्या संपतात आणि माशी पडते.

घरी तिनं हे वडिलांना सांगितलं तेव्हा शालिकनी फार वेळ घेतला नाही.

"म्हणजे आमचे बर्फाचे डबेच की," ते म्हणाले. "डबा भरून जाते, बर्फ पाडते आणि रिकामा परत येते. परतच नाही आला, तर टाकीत पाणी असून काय कामाचं? कारखाना बंद."

"तेच बाबा. तुमचे डबे उन्हात परत येत नसतील."

शालिकनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाले, "तपासून पाहा म्हणावं तुझ्या मॅडमले. पण नाही निघालं तर कोणाले सांगू नको, बाई."

निघालं. शालिकच्या रक्तातून त्या प्रथिनाचा साचा वाचला गेला. अमिनो आम्लांच्या आठशेहून जास्त मण्यांच्या माळेत एकच मणी बदललेला होता. शरीराचं तापमान साडेअडतीसच्या पुढं गेलं की त्यांचं प्रथिन सैल पडत होतं. यशोधराच्या धाकट्या भावाच्या, मिलिंदच्या रक्तातही तोच मणी निघाला. तो आपलं पडणं वर्षानुवर्षं लपवत आला होता. दुपारची कामं टाळायची, म्हणून कुठंच टिकला नव्हता. यशोधरात तो मणी नव्हता. त्या दिवशी तिला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

त्यानंतरची चार वर्षं मॅडमनी आणि तिनं एकाच गोष्टीमागं घालवली. सैल पडणाऱ्या त्या प्रथिनाला एका खाचेत नेमका बसेल आणि त्याला सावरून धरेल असा रेणू हवा होता. संगणकानं सुचवलेल्या हजारभर रेणूंतले यशोधरानं एकेक करून खिरीत कालवले, माश्यांना चारले आणि उष्ण पाण्यात नळ्या बुडवून माश्या मोजल्या. सहाशे बाराव्या रेणूच्या वेळी एकही माशी पडली नाही. तिनं वहीत त्यापुढं "टेकू" असं लिहिलं. पुढं कागदोपत्री त्याला लांबलचक नाव मिळालं, तरी केंद्रात सगळे टेकूच म्हणत राहिले. पेटंटचा अर्ज भरताना मॅडमनी शोधकांच्या जागी दोन नावं लिहिली. मॅडमच्या नावाखाली यशोधरा शालिक रामटेके असं छापलेलं पाहून तिनं कागद परत दिला.

"मॅडम, मी तर फक्त मोजलं."

"आणि पाहिलंस," मॅडम म्हणाल्या. "मोजणारे मला पुष्कळ मिळाले असते. ठेव तो कागद."

माणसांवरच्या चाचणीत शालिकना उष्णकक्षात चालायला लावलं, तो दिवस घरातलं कुणी विसरणार नव्हतं. अडुसष्ट वर्षांचे शालिक फिरत्या पट्ट्यावर चालत होते. पोटात तापमान सांगणारी कॅप्सूल होती. काचेबाहेर दोन डॉक्टर, मॅडम, यशोधरा आणि मिलिंद उभे. पडद्यावर आकडा चढत गेला. अडतीस पूर्णांक चार. पाच. सहा. शालिक चालत होते. सात. डॉक्टरांनी थांबायची खूण केली.

"आणखी एक चक्कर मारू द्या ना," शालिक आतून म्हणाले. "आताच कुठं मजा येऊन राहिली."

यशोधरानं तोंड फिरवलं. मिलिंद मात्र वडिलांकडं एकटक बघत होता.

टेकूची गोळी सुरू झाल्यावर मिलिंद माणसात आला. कोळशाच्या खुल्या खाणीत एका खासगी कंपनीकडं त्याला डंपर दुरुस्तीच्या पथकात काम मिळालं. खाणीच्या तळाशी दुपारी पन्नास अंशांची भट्टी असे, आणि तिथं मिलिंद सरळ उभा राहून पाने-पक्कड चालवे. कंपनीनं ते पाहिलं. आठ महिन्यांनी कंपनीचे अधिकारी पराग सोमलवार केंद्रात आले. माणूस सभ्य, बोलणं मृदू.

"ज्यांना हा दोष नाही, त्यांच्यातही हे प्रथिन चाळीसच्या आसपास मंदावतं, हे तुमच्याच निबंधात आहे," ते म्हणाले. "म्हणून तर निरोगी माणूसही उन्हात गळतो. आम्ही बावीस निरोगी कामगारांवर परवानगीनं चाचणी केली. टेकू घेतलेले दीड तास जास्त काम करतात. कुणालाही त्रास नाही. उन्हाळ्यात आमची खाण दुपारी चार तास बंद ठेवावी लागते, ती ठेवावी लागणार नाही. हा शोध चंद्रपूरचा आहे, त्याचा पहिला उपयोगही चंद्रपुरातच होऊ द्या. दोघींच्या सह्या हव्यात फक्त."

मॅडमनी चाचणीचे कागद वाचले. त्यात खोट नव्हती. औषध फक्त मूठभर घरांपुरतं राहिलं तर ते बनवायला कुणीही पुढं येणार नाही, ही त्यांची रास्त काळजी होती. त्यांनी सही केली. यशोधरा म्हणाली, "मला दहा दिवस द्या."

तिनं साध्या, निरोगी माश्या घेतल्या. अर्ध्यांना टेकू दिला, अर्ध्यांना नाही. नळ्या चाळीस अंशांच्या पाण्यात ठेवल्या. टेकू न दिलेल्या माश्या सहाव्या मिनिटाला पडल्या. पडताच बाहेर काढल्यावर दोनशेतल्या एकशे एक्क्याण्णव उठल्या. टेकू दिलेल्या माश्या पंचविसाव्या मिनिटापर्यंत चालत होत्या, काचेवर चढत होत्या, जोडीदारामागं पंखसुद्धा फडफडवत होत्या. मग एकदम पडल्या. त्यांनाही तिनं लगेच बाहेर काढलं. दोनशेतल्या तेरा उठल्या. तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. आकडे जवळपास तेच.

कंपनीच्या चाचणीत कुणाला त्रास झाला नव्हता, कारण तिथं डॉक्टर उभे होते आणि साडेएकोणचाळीसला ते काम थांबवत होते. खाणीच्या तळाशी पोटात कॅप्सूल घालून कोण उभं राहणार होतं?

"माशी म्हणजे माणूस नव्हे," मॅडम वही बघून म्हणाल्या, पण त्यांचा आवाज पडला होता. "हे आकडे घेऊन तुला औषधाच्या वापराला परवानगी देणाऱ्या राज्याच्या समितीपुढं जावं लागेल. ते तुझं शिक्षण काढतील. माझी सही आधीच झालीय, म्हणून मला बाजूला करतील. जाशील?"

"जाईन," ती म्हणाली. जाणं तसं सोपं होतं. घरी सांगणं कठीण होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर तिनं विषय काढला. मिलिंदनं ताट बाजूला सारलं.

"ताई, तू काहून सही करून नाही राहिली ते मले समजते. पण तुले हे समजते का, की मी तिथं पहिल्यांदा माणूस म्हणून उभा आहो? साहेब मले सगळ्यांसमोर दाखवते. म्हणते, याच्यासारखं व्हा. तू आडवी आली तर पहिला मी जाईन."

"तुझी गोळी बंद होणार नाही, मिलिंद. तुला ती औषध आहे."

"गोळी राहीन. नोकरी नाही राहणार. आणि ज्या पोरांले दीड-दोन तास जास्तीचं काम पाहिजे, त्यांले नाही म्हणणारी तू कोण? तू तर कधी पडलीच नाही. तुले काय माहीत, पडणं काय असते ते."

ते यशोधराला नेमकं लागलं. शालिक भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी घसा साफ केला.

"मी पडलो आहो ना," ते म्हणाले. "मी सांगतो."

दोघं त्यांच्याकडं वळली.

"राजुऱ्याकडचा रस्ता चालू होता. मे महिना. आमच्या टोळीत गोसाई कुंभरे म्हणून होता, तुझ्याएवढाच. दुपारी मी पडलो. मले बाभळीखाली टाकलं. मुकादम सगळ्यांले म्हणे, हा पाहा बायल्या, आता आणखी कोण कोण पडते ते पाहू. गोसाईले गरगरून राहिलं होतं. तो बसायले गेला आणि मुकादमाचं ऐकून परत उठला. मले दिसत होतं. त्याचा घाम बंद झाला होता, चेहरा लाल. मले ओरडून सांगायचं होतं, बस म्हणून. पण तोंडच हालेना. पाऊण तास त्यानं फावडं चालवलं. मग पडला तो उठलाच नाही."

शालिकनी भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली.

"मी पाच मिनिटांत उठून बसलो. मुकादमानं मले हाकललं आणि गोसाईच्या बायकोले म्हणाला, लय मेहनती माणूस होता." शालिक मिलिंदकडं बघत म्हणाले, "मी पडलो म्हणून वाचलो, बापू. चाळीस वर्षं हे मी कोणाले सांगितलं नाही. लाज वाटत होती. आता वाटते, लाज माही नव्हती."

मिलिंद उठून बाहेर गेला. तो तासाभरानं परत आला, तोंड धुतलं आणि बहिणीला म्हणाला, "तुझ्या त्या माश्या मले दाखव."

सोमवारी सुट्टी टाकून तो माशीघरात आला. यशोधरानं दोन नळ्या पाण्यात सोडल्या आणि घड्याळ लावलं. तो स्टुलावर बसून पंचवीस मिनिटं काचेकडं बघत राहिला. माश्या पडतील तशी ती ती नळी बाहेर काढल्यावर ज्या उठल्या त्या त्यानं स्वतः मोजल्या.

नागपूरला समितीपुढं पाच सदस्य होते. सोमलवारांनी आलेख दाखवले. मग यशोधराची पाळी आली. अध्यक्षांनी अपेक्षेप्रमाणंच विचारलं, "आपलं शिक्षण?"

"बारावी सायन्स, साहेब. आणि बावीस वर्षं माशीघर."

कुणीतरी हसलं. तिनं वही उघडली आणि तीन प्रयोगांचे आकडे एका दमात वाचून दाखवले. मग वही मिटली. "या प्रथिनाचं मंदावणं हा माझ्या बाबांमध्ये दोष होता, कारण ते फार लवकर मंदावत होतं. ते नीट करायला आम्ही टेकू शोधला. पण बाकीच्यांत तेच मंदावणं म्हणजे शरीरानं दिलेली शेवटची सूचना आहे. अंगातली आग टेकू कमी करत नाही. फक्त माणसाला बसू देत नाही."

आता कुणी हसलं नाही. एक सदस्य म्हणाले, "पण हे माश्यांचं झालं. माणसांबद्दल पुरावा काय?"

मागच्या रांगेतून मिलिंद उभा राहिला. "साहेब, मी कंपनीचा कामगार आहो. मी टेकू घेतो, मले तो लागते. गेल्या महिन्यात आमच्या पथकातल्या दोघांनी माह्याच डब्यातल्या गोळ्या घेतल्या, जोर येते म्हणून. मीच दिल्या. त्यांतला एक जण दुपारी हसत-बोलत काम करत होता आणि त्याले घाम नव्हता. मी पाण्याच्या टँकरखाली नेऊन धरला म्हणून तो आज आहे. तेव्हा मले काही समजलं नाही. आता समजलं. माझं नाव लिहून घ्या."

सोमलवारांनी मान खाली घातली. यशोधरानं भावाकडं पाहिलं. ही गोष्ट त्यानं तिलाही सांगितली नव्हती. ती सांगितल्यानं त्याचं काय होणार, हे त्या दालनात सगळ्यांत चांगलं त्यालाच ठाऊक होतं. तो मात्र ताठ उभा होता.

मागून आणखी एक खुर्ची सरकली. देशकर मॅडम उठून पुढं आल्या. "माझी सही मी मागं घेते आहे," त्या म्हणाल्या. "मी घाई केली. माझ्या सहकारी शोधकानं केली नाही."

दोन महिन्यांनी निर्णय आला. ज्यांच्या तपासणीत तो बदललेला मणी निघेल, त्यांनाच टेकू मिळेल. कामाच्या जागी निरोगी माणसाला तो देणं गुन्हा ठरलं. खाणीची दुपारची सुट्टी कायम राहिली, उलट अर्ध्या तासानं वाढली. औषध बनवायची जबाबदारी सरकारी कारखान्यानं घेतली. मिलिंदचं कंत्राट कंपनीनं पुन्हा केलं नाही. तो चार महिने घरी होता. मग तपासणी मोहिमेत फिरत्या गाडीवर चालक-मदतनीस म्हणून लागला. ब्रह्मपुरीपासून अहेरीपर्यंत गावोगाव जाऊन तो लोकांना विचारायचा, तुमच्यात उन्हात पडणारं कोणी आहे का, लाजू नका, मीही त्यातलाच आहो. पहिल्या वर्षात सदतीस घरं सापडली. सदतीस घरांत सदतीस आळशी, दारुडे, सोंगाडे म्हणून हिणवलेली माणसं.

त्या तपासणीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मॅडमनी यशोधराला न विचारताच ते निबंधात लिहून टाकलं होतं. छापून आल्यावर तिनं वाचलं, आणि वडिलांना कसं सांगावं या विचारात आठवडा घालवला. तिनं सांगण्याआधीच शालिकना ते वेगळ्या रीतीनं कळलं.

गुडघा दुखतो म्हणून ते एका सकाळी एकटेच प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले होते. उन्हाळा तोंडावर आलेला, बाकावर कामगारांची रांग. खिडकीतली परिचारिका प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती.

"शालिक झाली का तुमची?"

"झाली मागच्या वर्षी."

"तुमची?"

"नाही, बाई. घाबरायचं तर नाही ना?"

"थेंबभर रक्त लागतं. शालिक करून घ्या, मग कामावर जा. तुमच्याच जिवासाठी आहे."

शालिक रांगेत पुढं सरकत होते. कानावर येतंय ते खरं आहे की नाही, हे पुन्हा पुन्हा ऐकत होते. त्यांची पाळी आली. परिचारिकेनं मान वर न करता विचारलं, "आजोबा, नाव?"

"शालिक."

"तपासणीचं नाही हो. तुमचं नाव विचारते मी."

शालिकनी खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझंच आहे ते."